विचारा की! : चौदा वर्षांत एकही खाडा नाही

मागच्या अंकात एका ताईंनी विचारलं होतं की वडील रिटायर झालेत, दिवसभर क्रिकेटच्या जुन्या मॅचेस बघून बघून आता त्यांनाच कंटाळा आलाय, तर त्यांच्यासोबत बसून बघता येईल असा एखादा जुना इंग्रजी पिक्चर सांगा, मारामारी नको अन वडिलांपुढं मान खाली घालावी लागेल असंही काही नको. मी आपलं चार ओळींत उरकलं, की 'द प्राइड ऑफ द यांकीज' बघा, १९४२ चा आहे, लू गेरिग नावाच्या बेसबॉलच्या पिचरवर (पिचर म्हणजे आपल्याकडचा बॉलर), ज्यानं सलग २१३० सामने एकही न चुकवता खेळले, हिरो गॅरी कूपर. झालं. त्या चार ओळींवर एवढी पत्रं अन व्हॉट्सॲप मेसेज आले की काय सांगावं, त्यात माझी एक चूक पण सापडली लोकांना. म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच्यावरच, बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

दादा, आपल्याला बेसबॉलमधलं काडीचं कळत नाही. दोन तास बसायचं अन सगळं डोक्यावरून जायचं, असं होणार असलं तर आधीच सांगा. आमच्याकडं लाईटचा पण भरोसा नाही.
(एक वाचक, परभणी)

काका, बिनघोर बघा. क्रिकेटमध्ये दोन टोकं असतात ना, इथं चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात, पळताना पहिला लागतो तो फर्स्ट बेस, बॉल मारला की पळायचं अन चारी कोपरे शिवून परत आपल्या जागी आलात की एक रन. बॉल थेट पब्लिकमध्ये टोलवला की होमरन, मंग निवांत चक्कर मारून या कुणी आडवत नाही. बास, एवढ्यावर पिक्चर कळतो. कारण पिक्चरमध्ये बेसबॉल आहेच किती, मॅचेस अशा पटापट पळवल्यात की आपल्याला स्कोअर विचारायची वेळच येत नाही. ज्यानं हा पिक्चर काढला त्या सॅम्युअल गोल्डविनला स्वतःलाच या खेळात काही रस नव्हता, असल्या विषयावर पैसे घालायला तो तयारच नव्हता म्हणे. मंग कुणीतरी त्याला गेरिगच्या निरोपाच्या दिवसाची न्यूजरील, म्हणजे बातम्यांची फिल्म, दाखवली, गडी बघता बघता रडायला लागला अन म्हणाला परत लाव. हा किस्सा हॉलिवूडवाले सगळेच सांगतात. म्हणजे काका, तुमच्यासारख्याच माणसानं तुमच्यासारख्यांसाठीच काढलाय असं समजा.

गोष्ट म्हणाल तर आपल्याकडच्यासारखीच. जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेले गरीब आईबाप, आई स्वयंपाकिणीचं काम करायची, पोरगं शिकून इंजिनिअर व्हावं एवढी एकच इच्छा, अन पोरगं बॅट धरून बसलंय. कोणत्या घरात हे भांडण झालेलं नाही मला सांगा. पुढं तो न्यूयॉर्क यांकीज या मोठ्या टीममध्ये जातो, नाव काढतो, लग्न होतं, अन भरात असताना अंगातली ताकद जायला लागते. सगळा मिळून २ तास ८ मिनिटांचा आहे. लाईट गेली तर मधूनच बघितला तरी चालतो, शेवटची वीस मिनिटं मात्र चुकवू नका. अन एक गंमत सांगू का, हा पिक्चर तिकडं लागला जुलै १९४२ मध्ये, तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आपल्याला मोकळं व्हायला अजून सहा वर्षं होती. एवढा जुना आहे.

काका, तुम्ही लू गेरिगला पिचर लिहिलंय. तो पिचर नव्हता, फर्स्ट बेसला खेळायचा. मी आमच्या शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये फर्स्ट बेसलाच आहे म्हणून मला माहीत आहे. आमच्यात सगळे म्हणतात की ती सोपी जागा आहे, जिला पळता येत नाही तिला तिथं उभी करतात. खरंच सोपी असते का?
(नववीतली एक विद्यार्थिनी, जिंतूर तालुका)

बाळा, चूक माझीच, कान धरले. गेरिग फर्स्ट बेसलाच होता. आता सारवासारव म्हणून नाही पण खरंच सांगतो, कोलंबिया युनिव्हर्सिटीत असताना तो पिचिंग करायचा अन १८ एप्रिल १९२३ ला एका सामन्यात त्यानं १७ बॅटर बाद केले होते, तरी त्याची टीम हरली. माझ्या डोक्यात तेच बसलं असेल. नसेल पण, उगं खोटं कशाला बोलू, घाईत लिहिलं.

सोपी जागा म्हणणाऱ्यांना एक दिवस तिथं उभं कर. तुला तर माहीतच आहे, आतल्या मैदानात बॉल कुणीही अडवू दे, फेकणार तो बहुतेक वेळा फर्स्ट बेसकडंच, कारण बॅटरच्या आधी बॉल तिथं पोचला की बॅटर बाद. म्हणजे दर दोन मिनिटाला बॉल तुझ्याच अंगावर, वेडावाकडा, कधी टप्पा पडून तर कधी डोक्यावरून, अन तुझा एक पाय बेसला चिकटलेला पाहिजे. तुमच्या सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर असतात, बेसबॉलमध्ये ९० फुटांवर, म्हणजे मोठ्या मैदानात आपली जागा सोडून बॉलच्या मागं जायचं अन बॅटरच्या आधी परत बेसवर पोचायचं.

अन गेरिगला आपलं शरीर गेलंय हे कळलं ते याच जागेवर. ३० एप्रिल १९३९ चा सामना. यांकीजच्या पिचरनं बॉल अडवला अन त्याला फर्स्ट बेसला फेकायचा होता, पण गेरिग अजून बेसवर पोचलाच नव्हता, पिचरला थांबावं लागलं. तो कसाबसा पोचला, बॉल झेलला, बॅटर बाद. अगदी साधा, रोज दहा वेळा होणारा प्रकार. पण टीममधले सगळे त्याला शाबास म्हणायला लागले, काय मस्त केलंस म्हणून. तुला कधी साधा कॅच घेतल्यावर सगळ्यांनी फारच टाळ्या वाजवल्यात का? नसतील तर बरंय. गेरिगला त्या शाबासकीवरनं कळलं की आता हे लोक आपल्याला सांभाळून घ्यायलेत. तो त्याचा शेवटचा सामना.

सर, आमचे आईवडील बरेच हंगाम ऊसतोडीला गेले. मुकादमाच्या वहीत खाडा पडला की पैसे कटायचे, ताप असला तरी माय फडात. मला ती वही अजून आठवते, लाल पुठ्ठ्याची, नावापुढं फुली म्हणजे खाडा. तुम्ही २१३० सामने सलग खेळला म्हणून लिहिलं. मला एवढंच विचारायचंय, त्याला कुणी पैसे कापायची भीती घालत होतं का? का तो आपल्या हौसेनं?
(एक वाचक, माजलगाव)

दादा, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

सरळ उत्तर म्हणजे नाही, त्याचे कुणी पैसे कापत नव्हतं. १९३८ साली त्याचा पगार ३९ हजार डॉलर होता, त्या काळात ती केवढी रक्कम. उचल फेडायची नव्हती, अन एक दिवस बसला असता तर घरी चूल पेटली नसती असंही नव्हतं. तुमच्या मायच्या खाड्याशी त्याची तुलना होत नाही अन मी ती करायचा पण नाही. तापात मोळी उचलायला लावणाऱ्या वहीचं कौतुक कुणीच करू नये.

पण भीती त्याला पण होती असं मला वाटतं, वेगळी. ती जागा त्याला मिळाली कशी ते बघा. १ जून १९२५ ला त्याला दुसऱ्याच्या बदली बॅटिंगला पाठवलं, अन २ जूनला फर्स्ट बेसचा नेहमीचा खेळाडू वॉली पिप बाहेर बसला अन ती जागा गेरिगला दिली. पिपचं डोकं दुखत होतं म्हणून बसला अशी दंतकथा आहे, कुणी म्हणतं मॅनेजरनंच बसवला. कसं का असेना, पिप एक दिवस बसला अन ती जागा त्याला परत कधी मिळाली नाही. गरिबाघरचं पोरगं, हे डोळ्यानं बघितलेलं. तो कशाला बसतोय मंग.

बरं तो काही देव नव्हता. जुलै १९३४ मध्ये डेट्रॉइटला त्याची पाठ अशी धरली की उभं राहता येईना. दुसऱ्या दिवशी काय केलं, यादीत त्याचं नाव शॉर्टस्टॉप (दुसऱ्या अन तिसऱ्या बेसच्या मधली जागा) म्हणून पहिल्या नंबरला टाकलं, जिथं तो एरवी खेळायचाच नाही, म्हणजे बॅटिंग सगळ्यात आधी येईल. आला, एक फटका मारला, पहिल्या बेसला पोचला अन गेला आराम करायला. सामना मोजला गेला. आपल्याकडं नाही का, मस्टरवर सही करून चहाला जातात, तसंच. तेव्हा पण लोक नावं ठेवायचे अन आता पण ठेवतात, मी पण थोडी ठेवतो.

मला जे आवडतं ते त्याच्या पुढचं आहे. २ मे १९३९, परत डेट्रॉइटच. मॅनेजर जो मॅकार्थीची काय हिंमत नव्हती त्याला बस म्हणायची. गेरिग स्वतः गेला अन म्हणाला, मला आज घेऊ नका, टीमचं नुकसान व्हायलंय. बेब डालग्रेन म्हणून एक जण त्याच्या जागी. अन गेरिग कॅप्टन होता ना, मंग खेळणाऱ्यांची यादी अंपायरकडं नेऊन द्यायची कुणी, तर त्यानंच. १४ वर्षांत पहिल्यांदा ज्या यादीत आपलं नाव नाही ती यादी स्वतःच्या हातानं नेऊन दिली. माईकवर सांगितल्यावर परक्या गावचं पब्लिक, पण उभं राहून टाळ्या. तो येऊन बाकावर बसला अन रडला. तुमच्या त्या लाल वहीत फुली मुकादम मारायचा, इथं यानं आपली फुली आपणच मारली. एवढं एक दोघांत वेगळं आहे अन ते लै मोठं आहे असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं ते कळवा, पत्राची वाट बघतो.

त्याचा हा विक्रम मोडायला १९९५ उजाडलं, कॅल रिपकेन नावाच्या खेळाडूनं मोडला, तो पुढं २६३२ पर्यंत गेला.

एका रीलमध्ये बघितलं की गॅरी कूपर उजव्या हाताचा होता अन गेरिग डावखुरा, म्हणून कूपरला उलट्या अक्षरांची जर्सी घालून फर्स्टऐवजी तिसऱ्या बेसकडं पळवलं अन मग फिल्म पलटून छापली. भारी आयडिया ना! खरंय का?
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

आयडिया भारीच आहे, म्हणूनच ऐंशी वर्षं टिकली. कूपर उजवा होता अन बेसबॉल त्यानं आयुष्यात खेळलेला नव्हता एवढं खरं. पण लेफ्टी ओडूल नावाच्या नावाजलेल्या खेळाडूला त्याला शिकवायला ठेवलं होतं, अन लांबून घेतलेल्या शॉटमध्ये बेब हर्मन नावाचा दुसरा खेळाडू त्याच्या जागी होता. पुढं बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे नावाजलेल्या खेळाडूंच्या संग्रहालयाच्या, एका संशोधकानं एकेक फ्रेम थांबवून बघितली तर लक्षात आलं की बॅटिंग करताना कूपर खरोखर डाव्या हातानंच बॅटिंग करतोय. म्हणजे सगळा पिक्चर उलटा छापलाय ही गोष्ट काही टिकली नाही. तुमच्या रीलवाल्याला मूळ पिक्चर बघायला सांगा. मला उलट दुसरंच खटकतं, कूपर तेव्हा चाळिशीचा, खऱ्या गेरिगपेक्षा दोन वर्षांनी थोरला, अन त्याला कॉलेजातलं पोरगं दाखवलंय. पहिला अर्धा तास ते काही केल्या पटत नाही, गालावर सुरकुत्या अन हातात वह्या. पण हा माणूस बोलताना अडखळतो, डोळे खाली घालतो, हात कुठं ठेवावे ते त्याला कळत नाही, अन ते सगळं शेवटी कामाला येतं.

दादा, मी अन सासूबाई दोघींनी मिळून बघितला. नवीन घर लावायच्या त्या सीनला दोघी पण एकदम गप झालो अन मग सासूबाई चहा टाकायला उठल्या. तिकडं पण असंच असतं होय?
(एक गृहिणी, लातूर)

ताई, चहा कसा झाला होता ते लिहिलं नाही तुम्ही!

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, लूची आई सुनेच्या नवीन घरात येऊन फर्निचर काय अन वॉलपेपर कोणता हे सगळं आपणच ठरवायला लागते, अन एलेनॉर, म्हणजे सून, तोंडानं काही बोलत नाही पण चेहरा बघण्यासारखा. ते काम टेरेसा राईटनं असं केलंय की तिचा एकही डायलॉग नसताना आपल्याला सगळं ऐकू येतं. शेवटी लू आईशी बोलतो, अन पिक्चरमध्ये ते गोडीत मिटतं. खऱ्यात एवढं गोडीत मिटलं नव्हतं, सासूसुनेचं फार काही पटलं नाही.

लग्नाचा सीन मात्र बराचसा खराय. २९ सप्टेंबर १९३३ ला न्यूरोशेल गावात त्यांच्याच फ्लॅटमध्ये, कामगार अजून आत ठोकाठोकी करायलेत, अशात लग्न लागलं अन तिथून पोलिसांच्या मोटरसायकली पुढं घालून नवरदेव थेट स्टेडियमवर, कारण सामना होता. खाडा नाही म्हणजे नाही, लग्नाच्या दिवशी पण.

अन तुमच्या सासूबाईंना एक सांगा. गेरिगनं निरोपाचं जे खरं भाषण केलं त्यात त्यानं सासूबाईंचे आभार मानलेत, म्हणाला मुलीचं अन माझं वाजलं की ही स्वतःच्या मुलीला सोडून माझी बाजू घेते. पिक्चरमधल्या भाषणात हे नाहीच, काढून टाकलंय. मला तर वाटतं ती अख्ख्या भाषणातली सगळ्यात घरगुती ओळ होती, तीच गेली.

१) पिक्चरमधला बेब रूथ खराच का? २) ऑस्कर किती? ३) रंगीत कॉपी मिळते का?
(एक वाचक, हिंगोली)

खराच. गेरिगच्याच टीममधला मोठा खेळाडू, खेळातनं रिटायर झालेला रूथ स्वतःचंच काम करतोय, त्यासाठी त्यानं वजन पण उतरवलं होतं. बिल डिकी, बॉब म्यूझेल, मार्क कोनिग हे पण खरे खेळाडू. रूथ अन गेरिगचं मधल्या काळात बोलणं बंद होतं, पिक्चरमध्ये ते दाबलंय. ऑस्करला ११ नॉमिनेशन अन मिळालं एकच, एडिटिंगचं, डॅनियल मँडेलला. काळापांढराच बघा.

हॉस्पिटलमधलं ते लेकरू, ज्याला लू दोन होमरन मारून देतो म्हणून शब्द देतो, अन शेवटी ते चालत येतं. मी अन मिस्टर दोघंही रडलो. ते पोरगं खरं होतं का?
(एक शिक्षिका, जालना)

बाई, तुमच्या रडण्यावर पाणी ओतायला जिवावर येतंय, पण ती गोष्ट पिक्चरवाल्यांनी रचलेली आहे. आजारी पोराला शब्द देऊन होमरन मारल्याची गोष्ट सांगतात ती बेब रूथची, १९२६ ची, अन ती पण सांगून सांगून बरीच फुगलेली. इथं ती उचलून गेरिगच्या नावावर, १९२८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे वर्षाच्या फायनलच्या सामन्यांमध्ये, टाकली. मला स्वतःला तो भाग जरा जास्तच गुळचट वाटतो. ज्या माणसाबद्दल खरं सांगायला एवढं आहे त्याला खोटं लेकरू कशाला जोडायचं. पण काढणाऱ्यांची बाजू पण बघा, अमेरिका युद्धात उतरून सातआठ महिने झालेले, घराघरातली पोरं सैन्यात, पिक्चर सुरू होतानाच पाटी येते तिच्यात सैनिकांचा विषय आहे. लोकांना तेव्हा धीर पाहिजे होता, तो त्यांनी विकला. पुढच्याच वर्षी कूपर दक्षिण पॅसिफिकमधल्या सैनिकांना भेटायला गेला तर तिथल्या पोरांनी त्याच्याकडं गाणं मागितलं नाही, डान्स मागितला नाही, गेरिगचं भाषण म्हणून दाखव म्हणाले. अन तो जाईल तिथं ते म्हणायला लागला.

शाळेच्या गॅदरिंगला एका मुलाकडून गेरिगचं भाषण मराठीत करून घ्यायचा विचार आहे. पिक्चरमधलं घ्यावं की खरं? पूर्ण मजकूर कुठं मिळेल?
(एक मुख्याध्यापक, धाराशिव जिल्हा)

सर, दोन्ही घेऊ नका एकत्र, खिचडी होईल. ४ जुलै १९३९ ची गोष्ट, यांकी स्टेडियम, त्या दिवशी वॉशिंग्टनच्या टीमबरोबर दोन सामने होते अन मधल्या वेळेत आजारी गेरिगच्या निरोपाचा हा कार्यक्रम. ६१,८०८ लोक. भेटवस्तू दिल्या, भाषणं झाली, गेरिग एवढा अवघडला होता की बोलायलाच तयार नव्हता, मग माईकपुढं आला अन कागद न बघता बोलला. त्या भाषणाची सलग फिल्म आज उरलेली नाही, तुकडेच आहेत.

अन एक मोठा फरक लक्षात ठेवा. खऱ्या भाषणात तो सुरुवातीलाच म्हणतो की माझ्या वाईट नशिबाबद्दल तुम्ही वाचत असाल, तरी आज मी स्वतःला या पृथ्वीवरचा सगळ्यात नशीबवान माणूस समजतो. हे सांगून टाकतो अन मग पुढं एकेकाचं नाव घेतो, टीमचे मालक, मॅनेजर, जिच्याशी कायम चुरस त्या जायंट्स टीमवाले, मैदान राखणारे, आई, बाप, बायको, सासू. म्हणजे का नशीबवान त्याचा हिशोब देतोय. पिक्चरवाल्यांनी ते वाक्य उचलून अगदी शेवटी टाकलं, टाळ्यांसाठी. तिथं कूपर म्हणतो अन वळून एकटाच आत बोगद्याकडं जातो, मागून अंपायरची सामना सुरू करायची आरोळी ऐकू येते. पडद्यावर ते जबरदस्त आहे, मान्य. पण तुमचं पोरगं स्टेजवर उभं राहणार, त्याच्यामागं ना स्टेडियम ना बोगदा, त्याला खरंच द्या. हिशोबासारखं, सावकाश, नावं घेत घेत. अन त्याला सांगा रडायचं नाही, हातवारे तर बिलकुल नको. वक्तृत्व स्पर्धेवाले आपले सर लोक पोरांना असं काही हातवारे शिकवतात की ट्रॅफिक पोलीस वाटावा.

दादा, माझ्या वडिलांना दीड वर्षापूर्वी गेरिगला झाला होता तोच आजार, एएलएस, निघाला. आधी हातातून ग्लास पडायला लागला, गावात सगळे अशक्तपणा म्हणायचे, एका ठिकाणी तर सहा महिने मणक्याचाच इलाज चालला, हैदराबादला गेल्यावर नाव कळलं. आता हात चालत नाहीत पण डोकं एकदम शाबूत आहे, क्रिकेट बघतात, माझ्या चुका काढतात. तुमचं वाचून पिक्चर लावावा वाटलं, पण हिंमत होईना. दाखवू का?
(एक मुलगा, नांदेड)

भाऊ, मी डॉक्टर नाही अन तुमच्या वडिलांना ओळखत नाही, त्यामुळं हो किंवा नाही मी सांगणार नाही, पण पिक्चरमध्ये काय आहे अन काय नाही ते सांगतो म्हणजे तुम्हाला ठरवता येईल.

आजाराचं नाव पिक्चरमध्ये कुणीच घेत नाही. एएलएस, म्हणजे मेंदू अन मणक्यातल्या ज्या नसा स्नायूंना हुकूम देतात त्या एकेक करून जातात, बुद्धी बहुतेकांची तशीच राहते, तुम्ही वडिलांचं लिहिलंय तसं. अमेरिकेत आजही लोक याला गेरिगच्याच नावानं ओळखतात. त्याला हे कळलं १९ जून १९३९ ला, मेयो क्लिनिकमध्ये, अन तो त्याचा ३६ वा वाढदिवस होता. पिक्चरमध्ये एक सीन आहे, कपडे बदलायच्या खोलीत तो खाली वाकतो अन तोल जाऊन पडतो, अन सगळी टीम एकदम चिडीचूप, कुणी हसत नाही कुणी उचलत नाही. तो सीन तुमच्या घरात जड जाईल. दुसरा, डॉक्टरांसमोरचा, थोडक्यात आहे. आजार वाढत जातानाचं काहीच दाखवलेलं नाही, खाटेवरचं तर नाहीच, पिक्चर स्टेडियममध्येच संपतो.

म्हणून मी म्हणतो गुपचूप लावू नका. त्यांनाच विचारा. असा असा पिक्चर आहे, त्या खेळाडूला हाच आजार होता, बघायचा का. डोकं शाबूत असलेल्या माणसाला न विचारता त्याच्याच आजाराचा पिक्चर लावणं बरं दिसत नाही, अन त्याच्यापासून लपवणं पण बरं दिसत नाही. ते नको म्हणाले तर मॅच लावा.

अन बघितलाच, तर जे पिक्चरमध्ये नाही ते त्यांना तुमच्या तोंडानं सांगा. स्टेडियममधून आत गेल्यावर गेरिग घरी बसला नाही. न्यूयॉर्कच्या महापौरांनी, ला ग्वार्डिया त्यांचं नाव, त्याला शहराच्या पॅरोल कमिशनवर नेमलं. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांपैकी कुणाला सोडायचं ते ठरवायचं काम. जानेवारी १९४० ला त्यानं शपथ घेतली अन काम करायला लागला. तुरुंगात जायचा, पेपरात नाव येऊ देत नव्हता. पुढं पुढं पेन धरता येईना, तेव्हा एलेनॉर सोबत यायची अन कागदावर सही करायची असली की त्याचा हात आपल्या हातात धरून फिरवायची. अगदीच जमेना तेव्हा त्यानं गाजावाजा न करता राजीनामा दिला, अन महिनाभरानं, २ जून १९४१ ला गेला. वॉली पिपच्या जागी पहिल्यांदा उभा राहिला त्याला त्या दिवशी बरोबर १६ वर्षं झाली होती.

वडिलांना नमस्कार सांगा. ते तुमच्या काय काय चुका काढतात ते पण लिहा, छापतो.